हिरवी पाटी लागेपर्यंत

१२ फेब्रुवारी, सोमवार

मर्व्हचं लायसन्स गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरने समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली, तर मर्व्ह म्हणाला, "कुठली भिंत?" डॉक्टर हसला. मी नाही हसले. पन्नास वर्षं संसार केलाय, माझा नवरा विनोद कधी करतो आणि कधी नाही ते मला कळतं.

घरी पोचवायला डॅरिल बेंडिगोहून आला. आमचा एकुलता एक मुलगा. सोन्यासारखा आहे, फक्त बोलायला लागला की विमा एजंटसारखा बोलतो. (विमाच विकतो.) गाडीत बसल्या बसल्या सुरू झाला. शेतावर दोघंच म्हातारे. टालगारा गाव बत्तीस किलोमीटरवर. दुकान तिथे, डॉक्टर तिथे. आता गाडी चालवणारं कुणी नाही. गावात बोलिंग क्लबच्या मागे दोन खोल्यांचं युनिट रिकामं होतंय, तिथे या राहायला. मेंढ्या विका, जमीन शेजारच्या गॉर्डनला कसायला द्या.

म्हटलं, "गाडी चालवणारं नाही कसं? मी आहे की."

"आई, तुझ्याकडे लायसन्स नाही."

"लायसन्स नाही. गाडी येते."

खरंच येते. शाळेत जायच्या वयात बाबांचा ट्रक चालवायचे मी. बाबा मागे उभे राहून मेंढ्यांना गवत टाकायचे आणि मी पुढे स्टिअरिंगला लोंबकळायचे. लग्नानंतर कुरणात गाडी माझी आणि डांबरी रस्त्यावर मर्व्हची, अशी आमची वाटणी. त्यावरून कधी वाद झाला नाही. बाकी कशावरूनही झाले.

तर ठरलं. बाहत्तराव्या वर्षी लायसन्स. डॅरिल म्हणाला, सप्टेंबरात लोकर कापायची माणसं येतात, त्याच्या आत झालं तर राहा शेतावर, नाही झालं तर युनिट. म्हटलं, सप्टेंबर कशाला, मे महिन्यात उरकते.

हे सगळं मर्व्हसाठी चाललंय. त्याला गावात नेऊन बसवला तर महिन्याभरात वाळून जाईल. माझं काय, मी कुठेही राहीन.

२१ फेब्रुवारी

लर्नरची परीक्षा कॉम्प्युटरवर असते. मी सहावीनंतर शाळेत गेले नाही, घरी दूध काढायला माणूस हवं होतं. पण माझं कधी काही अडलं नाही. नात टालिया फोनवरून प्रश्न विचारते. तिच्या गाडीवर लाल पी आहे. म्हणजे असं, शिकाऊ असताना पिवळी एलची पाटी. टेस्ट पास झालं की पीची. पोरासोरांना आधी लाल पी, मग हिरवा. माझ्यासारख्या मोठ्या माणसांना डायरेक्ट हिरवा. सरकारला माणसाची पारख आहे. मग तीन वर्षं नीट वागलं की पाटी काढायची.

टालियाने विचारलं, "आजी, सर्कलमध्ये आधी कुणी जायचं?"

म्हटलं, "ज्याला घाई असेल त्याने."

"आजी, असा ऑप्शन नाहीये."

नसेल. प्रश्न काढणाऱ्याला घाई कधी नसावी.

५ मार्च

एल मिळाला. पहिल्या खेपेला कॉम्प्युटरचा आणि माझा मेळ बसला नाही, ते सोडून देऊ.

पिवळ्याधमक पाट्या. एक गाडीला पुढे, एक मागे. जादा घेतल्या होत्या त्यातली एक पिकअपला लावली आणि एक फ्रिजवर. मर्व्ह फ्रिजला नाक लावून उभा राहिला आणि म्हणाला, "फ्रिजपण नवशिका आहे का?" खूश दिसला. कितीतरी दिवसांनी.

तीन महिने झाल्याशिवाय टेस्ट देता येत नाही असा नियम आहे. म्हणजे मे चुकला. माझी काही चूक नाही.

१९ मार्च, मंगळवार

ड्रायव्हिंग शिकवायला ब्रोनविन येते. डॅरिलच्या वर्गात होती, अजून मला मिसेस हॉबडे म्हणते. पूर्वी शाळेची बस चालवायची, तिला भीती म्हणून माहीत नाही. तिच्या गाडीत शेजारच्या सीटलाही ब्रेक आहे.

आमच्या फाटकाशी मी गाडी थांबवली. ती बसून राहिली. मीही बसून राहिले.

"काय झालं, मिसेस हॉबडे?"

"फाटक."

शेजारी बसलेल्याने उतरून फाटक उघडायचं, हे आमच्या विमेराच्या सगळ्या मुलुखात शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

म्हणाली, "मी इन्स्ट्रक्टर आहे."

म्हटलं, "आहेस, पण बसलीयस तिकडे."

उतरली. पांढरे बूट घातले होते. सकाळीच तिथून मेंढ्या गेल्या होत्या.

बाकी धडा उत्तम झाला. तिचं म्हणणं, मी समोर बघत नाही. कुरणात समोर बघायला काय असतं? मेंढ्या बाजूला असतात, कुंपण बाजूला असतं. नजर फिरती पाहिजे. ती म्हणाली, "रस्त्यावर मेंढ्या मोजायच्या नसतात." मी मोजत नव्हते. नुसती एक लंगडत होती, तिच्याकडे बघत होते. तेवढ्यात हिने ब्रेक दाबला. म्हणाली, "आपण डावीकडून चालतो, मिसेस हॉबडे." ते मला माहीत आहे. मधोमध खड्डे कमी असतात म्हणून घेतली होती.

२९ मार्च, गुड फ्रायडे

डॅरिल आणि टालिया आले. डॅरिल म्हणाला, चल आई, मी बसतो शेजारी. गावाच्या रस्त्याला लागून धान्याच्या कोठारापर्यंत जाऊन आलो. परत आल्यावर डॅरिल व्हरांड्यात बसला तो डोळे मिटून, दोन्ही हात घट्ट धरून. मी त्याला हाक मारली नाही. दिवस प्रार्थनेचा होता.

टालिया म्हणाली, "बाबा, पाणी आणू?"

संध्याकाळी मर्व्ह आणि डॅरिल शेडमध्ये काहीतरी कुजबुजत होते. मी गेले तर गप्प. ईस्टरला पोरांनी शोधायची चॉकलेटची अंडी लपवत असतील. टालिया अठराची झाली तरी हे दोघं ऐकत नाहीत.

१८ एप्रिल, गुरुवार

पेरण्या सुरू. सगळीकडे धूळ.

मर्व्ह घरात बसून कुढतो म्हणून गॉर्डनला सांगितलं, दर गुरुवारी जाताना याला क्लबात घेऊन जा. तिथे हिरवळीवर चेंडू घरंगळवत नेमाजवळ थांबवायचा असतो, आणि मर्व्हला चेंडू दिसत नाही. कुठे थांबला ते तिथली माणसं त्याला ओरडून सांगतात. कसं वाटत असेल बिचाऱ्याला. संध्याकाळी परत आला तो शीळ घालत. दुःख लपवायला करतो तो असं. मी काही विचारलं नाही.

निश्चय: रोज अर्धा तास पाठीमागे बघून गाडी मागे घेण्याचा सराव.

२१ एप्रिल

मान धरली आहे. सराव बंद.

१६ मे

आज धोके ओळखायची परीक्षा दिली. कॉम्प्युटरवर रस्त्याचा सिनेमा दाखवतात, गाडी हळू करावीशी वाटली की बटण दाबायचं. मी आधी दर गाडीला दाबलं, कारण कोण कधी काय करेल सांगता येत नाही. तशी नापास. परत दिली, या वेळी फारसं दाबलंच नाही, पास. म्हणजे धोका ओळखायचा पण गवगवा करायचा नाही, हे मला समजलं.

आता फक्त गाडी चालवायची टेस्ट राहिली. तीच सोपी.

१२ जून, बुधवार

लिहायचं नव्हतं, पण लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

टेस्ट जिल्ह्याच्या गावात होती. माझ्या शेजारी ब्रोनविन बसलेली, तिला बोलायची बंदी. मागच्या सीटवर परीक्षक, टॅबलेट घेतलेला एक पोरगा, हनुवटीवर दाढी उगवायच्या बेतात. कितीतरी वेळ सगळं सुरळीत. इंडिकेटर दिला. आरसे बघितले. सर्कलमध्ये उजवीकडच्याला जाऊ दिलं, त्याला घाई नव्हती तरी.

मेन स्ट्रीटवर समोरून गॉर्डनचा पिकअप आला. बुधवार म्हणजे मेंढ्यांचा बाजार. सोमवारीच त्याच्या बायकोचं, लॉरेलचं, कंबरेचं ऑपरेशन झालेलं. मी थांबले. तोही थांबला. आमच्याकडे ओळखीचा समोरून आला की दोन्ही गाड्या रस्त्यात उभ्या करून काचा खाली घेतात, दोन शब्द बोलतात, मग जातात. तसंच पुढे गेलं तर घरात काहीतरी बिनसलंय असं लोकांना वाटतं.

म्हटलं, "लॉरेल कशी आहे?"

"बरी आहे. वॉकर घेऊन संडासला जाते. तुझी टेस्ट कधी आहे गं?"

"चालू आहे."

गॉर्डनने मागच्या पोराकडे बघितलं, मग ब्रोनविनकडे. तिने डोळे मिटून घेतले होते. गॉर्डन म्हणाला, "बरंय, मग पावसाचं नंतर बोलू." आणि गेला. आमच्या मागे चार-पाच गाड्या थांबल्या होत्या. कुणी हॉर्न दिला नाही. एकाने दिला तो मेलबर्नचा असणार.

पोरगा म्हणाला, टेस्ट इथे संपली, गाडी बाजूला घ्या. म्हटलं, अजून अर्धं गाव राहिलंय. तो म्हणाला, राहू दे.

म्हणे रस्त्याच्या मध्ये धोकादायक रीतीने थांबले. आजारी बाईची चौकशी करणं धोकादायक. लिहून ठेवते.

१३ जून

मर्व्हने ऐकलं आणि इतका हसला की चहा सांडला. मग माझा चेहरा त्याला दिसला नाही तरी कळला बहुतेक. म्हणाला, "वॅल, पुढच्या वेळी."

निश्चय: टेस्टमध्ये कुणाकडेही बघायचं नाही. सख्खा भाऊ आला तरी.

२७ जून, गुरुवार

आज काय झालं ते सरळ लिहिते.

दुपारी मर्व्ह शेडमध्ये हत्यारं आवरत होता. हल्ली सारखा आवरतो, डबे भरतो, वेळ जात नाही ना त्याचा. पत्र्याच्या कडेने तळहात कापला. खोल. रक्त थांबेना. चहाच्या फडक्यात गुंडाळला, ते भिजलं, दुसरं घेतलं. अँब्युलन्सला फोन केला, म्हणाले, गाडी दुसऱ्या कॉलवर आहे, तास तरी लागेल, कुणी आणू शकत असेल तर आणा. गॉर्डनचा फोन लागेना.

मर्व्हला गाडीत घातलं. लर्नरने एकटीने गाडी रस्त्यावर न्यायची नसते, शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस लागतं, ते मला माहीत आहे. पण वेळ तशी होती. आमच्या कच्च्या रस्त्यावर मी जी गाडी हाणली ती ब्रोनविनने बघायला हवी होती. फाटक उघडायलाही मीच उतरले.

हायवेच्या तोंडाशी आले. इंडिकेटर दिला. उजवीकडून ट्रक येत होता, दोन डबे जोडलेला. त्याला जाऊ दिलं. मग दुसरा. मग एक लांब होता, पण वेगात होता. नियम नियम असतो. मर्व्हच्या मांडीवरचं फडकं लाल झालं होतं. मी हँडल घट्ट धरलं होतं. इंडिकेटर टिकटिक करत होता. एकदा रस्ता रिकामा झाला. मग परत भरला.

मर्व्ह म्हणाला, "वॅल, आता काही येतंय का?"

म्हटलं, "येतंय."

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. गॉर्डन क्लबात न्यायला मर्व्हकडे येत होता, त्याने आम्हाला तिथे बघितलं. मला बाजूला सरकवून गाडी घेतली आणि टालगाराला नेलं. अकरा टाके.

डॉक्टर म्हणाली, वेळेत आणलंत. मी म्हटलं, हो, मी निघालेच होते.

आजचं सगळं नियमांना धरून झालं. वाट द्यायची ती मी दिली.

२८ जून

मर्व्हने डॅरिलला फोन लावला, माझ्याकडून नंबर दाबून घेतला आणि मला म्हणाला, जरा कोंबड्यांकडे बघून ये. कोंबड्या ठीक होत्या. परत आले तरी बोलणं चालूच. बिचारा विनवत असणार, आम्हाला शेतावरून हलवू नकोस म्हणून. मला भरून आलं. भोपळ्याचं सूप केलं, त्याला आवडतं तसं जास्त मिरी घालून.

२४ जुलै, बुधवार

दुसरी टेस्ट. तोच दाढीचा बेत, अजून उगवलेली नाही.

या वेळी मी तयार होते. घोड्याला झापडं बांधतात तशी नजर सरळ. बेकरीपाशी चर्चमधली कुणीतरी होती, बघितलं नाही. पोस्टासमोर कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं, बघितलं नाही.

शाळेजवळ डॉट उभी होती. डॉट म्हणजे माझ्या मावसबहिणीची नणंद, शाळा भरताना आणि सुटताना पोरांना रस्ता ओलांडून देते, हातात स्टॉपचा गोल बोर्ड. ती मला बघून बोर्ड हलवायला लागली. मी मनात म्हटलं, डॉट, आज नाही, आज ओळख दाखवायची नाही. आणि नजर सरळ ठेवून निघाले.

ब्रोनविनने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पुढे लाल दप्तर होतं. दप्तराच्या वर एक मुलगी. तिने माझ्याकडे बघितलं आणि पलीकडे निघून गेली, काही झालं नाही.

मागच्या पोराने टॅबलेट बंद केला. परत नापास. ऑफिसपर्यंत ब्रोनविनने चालवली.

जुलै म्हणजे आमचा ऐन हिवाळा, जेवण अर्धं टाकून पांघरुणात शिरले. थंडी फार पडली आहे यंदा.

२५ जुलै

ब्रोनविनला फोन केला, म्हटलं आता पुरे. ती म्हणाली, "मिसेस हॉबडे, तुम्हाला गाडी येते. तुम्हाला माणसं आडवी येतात."

म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे एकतर तुम्ही सगळ्यांशी बोलता, नाहीतर बोर्ड घेतलेल्या बाईशीही बोलत नाही."

मग तिनेच की मीच, आता आठवत नाही, पण बहुतेक मीच सुचवलं की टेस्ट लांबच्या गावी द्यावी, साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या हद्दीकडे. तिथे मला कुणी ओळखत नाही. कल्पना चांगली आहे. मला अशा सुचतात.

तोवर रोज हायवेच्या तोंडाशी जाऊन सराव. ब्रोनविन शेजारी, मी वाट देतेय, ती म्हणतेय, जा. मी म्हणते, येतोय. ती म्हणते, तो अजून त्याच्या बायकोचा निरोप घेतोय, जा.

८ ऑगस्ट, गुरुवार

डॅरिलचा फोन. युनिट दुसऱ्या एका जोडप्यालाही हवंय. क्लबवाले महिनाअखेरपर्यंतच थांबतील. म्हटलं, देऊन टाक त्यांना. तो म्हणाला, बाबांना दे फोन. मर्व्ह म्हणाला, "हं. हं. सत्तावीसला. हं. ती होईल." एवढंच. टेस्ट सत्तावीसला आहे. माझा नवरा माझ्यावर किती विसंबून आहे बघा.



शेड आता आरशासारखी लखलखीत. त्याला म्हटलं, आता काय आवरणार? म्हणाला, बघू. बागेत जाऊन बराच वेळ कुंपणाला हात लावून उभा राहिला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी

झोप नाही. आज नाही तर युनिट. मर्व्हने आपणहून अंडं उकडून दिलं, बोट भाजून घेतलं. त्याचं जग आता माझ्या दोन हातांवर आहे.

दुपारी, त्या गावच्या बेकरीत बसून

आधी घडलं तसं लिहिते.

परीक्षक बाई होती, माझ्या वयाला जवळची, चॉकलेटी मोजे. गाव असं की एकही चेहरा ओळखीचा नाही. मला जरा एकटं वाटलं. पण नजर मोकळी झाली. शाळेजवळचा बोर्ड बघितला, थांबले. पेट्रोल पंपावर एका माणसाने रामराम म्हणून एक बोट वर केलं, आमच्याकडे करतात तसं, माझंही बोट स्टिअरिंगवरून आपोआप उठलं. बाईने मागे काहीतरी लिहिलं. बोट खाली घेतलं.

मग बाई म्हणाली, पुढे उजवीकडे, हायवेवर.

तोंडाशी आले. इंडिकेटर. ट्रक येत होता. गेला. मागून आणखी एक. गेला. मग एक दिसत होता पण लांब, उन्हात नुसता ठिपका. ब्रोनविनने मांडीवर हात दाबून धरले होते. माझ्या डोळ्यांसमोर लाल फडकं आलं आणि मर्व्हचा आवाज, आता काही येतंय का.

म्हटलं, "नाही."

मोठ्याने म्हटलं असणार, कारण बाई म्हणाली, "काय?" तोवर मी हायवेवर होते. कशी गेले ते आठवत नाही. गिअर आपोआपचा होता म्हणून बरं.

पास. गुण बेताचे, पण पासला गुण कोण विचारतं. ब्रोनविन रडली. मी तिला केक घेऊन दिला. हिरवी पाटी हातात आहे, सारखी पुसतेय. शेत वाचलं.

रात्री जेवणानंतर

दारातच पाटी मर्व्हच्या हातात दिली. त्याने बोटांनी अक्षर चाचपलं. म्हणाला, "वॅल, शाब्बास." मग जेवायला बसलो. म्हणाला, "आता जाऊया."

"कुठे?"

"गावात. राहायला."

म्हटलं, "डॅरिलने भरवलंय ना तुझ्या डोक्यात? मी बोलते त्याच्याशी."

"डॅरिलने नाही. मीच सांगितलं त्याला. हात कापला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मी काटा खाली ठेवला. म्हटलं, "दोन महिने झाले त्याला."

"हो."

"आणि मी रोज त्या हायवेवर जाऊन जीव काढतेय."

"तू खूश होतीस गं. सकाळी पाटी लावताना गुणगुणायचीस. शिवाय नापास होऊन गावात गेली असतीस तर उरलेला जन्म मला ऐकवलं असतंस. म्हणून डॅरिलला म्हटलं, ती पास होईपर्यंत युनिट धरून ठेव."

"आणि झालेच नसते तर?"

मर्व्ह ताटात बटाटा शोधत होता. मी काटा त्याच्या हाताशी सरकवला.

बटाटा संपवून म्हणाला, "इथे मला आता काही दिसत नाही, वॅल. तिथे निदान माणसं ऐकू येतात."

२८ ऑगस्ट

कालचे मटणाचे चॉप्स उरले. कुत्र्याला घातले.

३१ ऑगस्ट, शनिवार

सगळ्या बाजूंनी विचार करून मी ठरवलं आहे की आपण गावात राहायला जावं. मर्व्हलाही पटलं. डॅरिलला फोन करून माझा निर्णय सांगितला. तो म्हणाला, "फार चांगलं ठरवलंस, आई." आवाजात जरा हसू होतं, पण तो लहानपणापासून तसाच.

मेंढ्या गॉर्डन घेतो म्हणाला. म्हटलं, लंगडीकडे लक्ष ठेव.

१४ सप्टेंबर

सामान हलवलं. डॅरिलच्या भाड्याच्या ट्रकमागून मी आमची गाडी घेऊन आले, पुढे-मागे हिरवा पी, शेजारी मर्व्ह, मागे कुत्रा. शेतापासून गावापर्यंत एकटीच्या जबाबदारीवर. मर्व्ह वाटेत झोपला. याहून मोठी पावती नाही. किंवा पहाटेपासून उठला होता म्हणून.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गाव छोटं आहे पण सोयीचं. डॉक्टर त्या कोपऱ्यावर, पोस्ट या कोपऱ्यावर, क्लब भिंतीपलीकडे. मर्व्ह सकाळीच गेला, त्याचं हसणं स्वयंपाकघरात ऐकू येतं. दुकान तर समोरच, रस्त्यापलीकडे.

दूध संपलं होतं. म्हटलं, लायसन्स काय फ्रिजवर चिकटवायला काढलंय? गाडी काढली. आरसे, इंडिकेटर, सगळं रीतसर. वळून दुकानासमोर आले तर जागाच नाही, चर्चमध्ये कुणाचा तरी अंत्यविधी, सगळीकडे गाड्या. कुणाचा ते विचारायला थांबणार होते, थांबले नाही. गावाला एक फेरी मारली. दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला लोक व्हरांड्यातून बघायला लागले. शेवटी गाडी परत घरी आणून लावली, किल्ली खुंटीला अडकवली आणि चालत जाऊन दूध आणलं.